औषध घरी बसणाऱ्याचं

ऊसतोडीचा हंगाम संपून टोळ्या गावाकडे परतल्या, की आमच्या सरकारी रुग्णालयातली बाह्यरुग्ण विभागाची गर्दी बदलते. दिवाळीच्या सुमारास ज्यांना औषधं लिहून दिली, ती माणसं पाच-सहा महिन्यांनी पुन्हा समोर येऊन बसतात. अशाच एका एप्रिलमध्ये चाळिशीतली एक बाई आली. मधुमेह जुना, इन्सुलिनवर असलेली. रक्तातली साखर चारशेच्या वर, पायाला चिघळलेली जखम, वजन उतरलेलं. तिनं पिशवीतून इन्सुलिनची बाटली काढून टेबलावर ठेवली. मुदत केव्हाच उलटून गेलेली आणि बाटली निम्म्याहून अधिक भरलेली. मी चिडलो. ‘अहो ताई, इतकं समजावून सांगितलं होतं, तरी इंजेक्शन का बंद केलंत?’

ती शांतपणे म्हणाली, ‘सायेब, औषीद चांगलंच हाय. पर ते घरी बसणाऱ्याचं हाय.’

मग थोडं थोडं करून तिनं सगळं सांगितलं. पहाटे अंधारात फडावर जायचं. जेवण कधी अकराला, कधी दोनला, ट्रक भरायचा असेल तर त्याहून उशिरा. आम्ही सांगितलेलं, ‘टोचल्यावर अर्ध्या तासात जेवा.’ एक दिवस तिनं टोचलं, जेवायला वेळ मिळाला नाही, साखर उतरली आणि हातात कोयता असताना तिला चक्कर आली. त्या दिवशी तिनं ठरवलं, हे नको. बाटली कोपीतल्या ओल्या मडक्यात तशीच राहिली. विचार केला तर तिचा निर्णय वेडेपणाचा नव्हता. पण तिच्या केसपेपरवर मी आधीच लिहून टाकलं होतं, ‘औषधोपचारात हयगय’.

हा शेरा मी गेली पंचवीस वर्षं लिहीत आलो आहे. क्षयाच्या रुग्णांना, फिट येणाऱ्यांना, रक्तदाबवाल्यांना. औषध बरोबर, रुग्ण चुकला, असा त्याचा अर्थ. हा प्रश्न उलट बाजूनं विचारणारा एक माणूस मला वैद्यकात नाही, रासायनिक अभियांत्रिकीत सापडला. त्यांचं नाव रॉबर्ट लँगर, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले प्राध्यापक. औषध शरीरात किती वेळ, कुठे आणि कोणत्या वेगानं सुटावं, हे औषध ज्या पदार्थात बसवलेलं असतं त्या पदार्थावर ठरवता येतं, हे दाखवण्यात त्यांची जवळपास पन्नास वर्षं गेली. त्यांच्या कामाकडे आपल्याकडच्या डॉक्टरांनी आणि अभियंत्यांनी, दोघांनीही लक्ष द्यायला हवं असं मला वाटतं.

लँगर यांचा जन्म १९४८ चा. १९७४ मध्ये त्यांनी एमआयटीतून रासायनिक अभियांत्रिकीत डॉक्टरेट पूर्ण केली. ते तेलटंचाईचे दिवस होते. रासायनिक अभियंत्यांना तेल कंपन्या अक्षरशः ओढून नेत होत्या. लँगर यांनाही वीस नोकऱ्या चालून आल्या. एका मुलाखतीत त्यांना सांगण्यात आलं, की एका विशिष्ट रसायनाचं उत्पादन ०.१ टक्क्यानं जरी वाढवलंत, तरी त्याची किंमत अब्जावधी डॉलर होईल. लँगर यांना त्यात गोडी वाटली नाही. त्यांनी शिक्षकाच्या नोकरीसाठी, वैद्यकीय संशोधनासाठी पत्रं पाठवायला सुरुवात केली. बहुतेकांनी उत्तरही दिलं नाही. अखेर बोस्टनच्या बालरुग्णालयातले शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन यांनी त्यांना ठेवून घेतलं.

फोकमन हेही त्या काळी चेष्टेचा विषय होते. कर्करोगाची गाठ वाढायला तिला स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्या रोखल्या तर गाठ रोखता येईल, असं त्यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं. आज त्याच विचारातून आलेलं बेव्हासिझुमॅब कर्करोगात वापरतात, मधुमेहानं खराब झालेल्या डोळ्यातही टोचतात. तेव्हा मात्र पुरावा हवा होता. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणजे तिच्यात त्यांना रोखणारं काहीतरी असेल, असा फोकमन यांचा अंदाज. ते ‘काहीतरी’ वेगळं काढण्याचं काम लँगर यांच्याकडे आलं. कत्तलखान्यातून गुरांची हाडं आणायची, कूर्चा खरवडायची, त्यातली प्रथिनं वेगळी करायची.

अडचण पुढे आली. हे द्रव्य काम करतं का, हे पाहायचं कसं? सशाच्या डोळ्याची पारदर्शक पटल ही चांगली जागा होती. तिथे मुळात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे एखादी उगवली तर लगेच दिसते. पण रक्तवाहिन्या वाढायला आठवडे लागतात आणि टोचलेलं प्रथिन तेवढा वेळ टिकत नाही. म्हणजे प्रथिन साठवून आठवडेच्या आठवडे थोडं थोडं सोडणारी, डोळ्याला न दुखावणारी एखादी बारीक गोळी हवी.

मंद गतीनं सुटणारी औषधं वैद्यकाला नवी नव्हती. वातज्वरानं हृदयाच्या झडपा खराब झालेल्या मुलांना आम्ही तीन आठवड्यांनी एकदा जे बेंझाथिन पेनिसिलिन देतो, ते त्याच्याही आधीचं. पण पेनिसिलिनचा रेणू लहान. प्रथिनाचा रेणू त्याच्या तुलनेत राक्षसी. पॉलिमरच्या भिंतीतून इतका मोठा रेणू हळूहळू बाहेर येणं अशक्य, असं त्या विषयातले जाणकार मानत होते. लँगर यांना हे ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असूनही ते थांबले नाहीत. हे काम न जमण्याचे दोनशेहून अधिक मार्ग आपल्याला सापडले, असं ते नंतर गमतीनं सांगत. शेवटी जमलेला मार्ग असा. विशिष्ट पॉलिमर द्रावकात विरघळवायचं, त्यात प्रथिनाची पूड मिसळायची आणि ते गोठवून वाळवायचं. पुडीच्या कणांमुळे पॉलिमरमध्ये एकमेकांना जोडलेल्या, वेड्यावाकड्या, अरुंद बोळांचं जाळं तयार होतं. त्या बोळांतून वाट काढत बाहेर पडायला मोठ्या रेणूला आठवडे, कधी महिने लागतात. पंढरपूरच्या गल्लीतून आषाढीच्या दिवशी बाहेर पडायला जसा वेळ लागतो, तसंच. रस्ता बंद नसतो, पण घाईनं कुणी पुढे जाऊ शकत नाही.

१९७६ मध्ये फोकमन यांच्यासह लिहिलेला हा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. त्याच सुमारास पॉलिमर-तज्ज्ञांच्या एका परिषदेत लँगर यांनी हे काम मांडलं. भाषण बरं झालं असं त्यांना वाटत होतं. व्यासपीठावरून उतरल्यावर काही ज्येष्ठ मंडळी जवळ आली आणि त्यांनी सांगितलं, की तुमच्या बोलण्यातल्या एकाही गोष्टीवर आमचा विश्वास नाही. पुढे संशोधन-निधीसाठी केलेले पहिले नऊ अर्ज नाकारले गेले. रासायनिक अभियंत्याला कर्करोगातलं काय कळतं, असा सूर होता. रासायनिक अभियांत्रिकीच्या विभागांना तर हे काम आपलं वाटतच नव्हतं. त्यामुळे एमआयटीत त्यांना पहिली जागा मिळाली ती पोषण आणि अन्नविज्ञान विभागात. तिथेही ज्येष्ठांनी दुसरी नोकरी बघा असा सल्ला दिला.

पुढची कहाणी यशाची आहे. पण त्यातली एक गोष्ट मला एक डॉक्टर म्हणून विशेष टोचते. रुग्णालयात वावरताना लँगर यांनी एक प्रश्न विचारला. तुम्ही माणसाच्या शरीरात जे पदार्थ घालता, ते तिथे आले कसे?

उत्तर आम्हा डॉक्टरांना फारसं भूषणावह नाही. विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये पहिलं डायलिसिस यंत्र बनवलं, तेव्हा रक्त गाळायला सॉसेज भरण्याच्या सेलोफेनच्या नळ्या वापरल्या. मायकेल डिबेकी यांनी कृत्रिम रक्तवाहिनीसाठी दुकानातून डेक्रॉनचं कापड आणलं आणि बायकोच्या शिलाई यंत्रावर ते शिवलं. कृत्रिम हृदयासाठी जे पॉलियुरेथेन निवडलं गेलं, ते बायकांच्या कंबरपट्ट्यात वापरत, कारण ते पुन्हा पुन्हा ताणलं तरी फाटत नसे. या लोकांनी जीव वाचवले, त्यांना नावं ठेवण्याचा माझा हेतू नाही. हाताशी होतं त्यातून त्यांनी मार्ग काढला. पण कंबरपट्ट्याचा पदार्थ रक्ताच्या सान्निध्यात राहण्यासाठी घडवलेला नसतो. त्यावर रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूकडे जाते. लँगर यांचं म्हणणं असं, की घरात काय सापडतं ते पाहण्याऐवजी आधी शरीराला काय हवं ते ठरवा आणि मग रसायनशास्त्राकडून तसा पदार्थ बनवून घ्या.

त्यांनी हे करून दाखवलं ते मेंदूच्या कर्करोगात. ग्लिओब्लास्टोमा ही गाठ काढली तरी बहुधा जवळच पुन्हा उगवते. शिरेतून दिलेलं औषध मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नाही आणि बाकी शरीराला मात्र सोसावं लागतं. लँगर आणि जॉन्स हॉपकिन्सचे मेंदूशल्यविशारद हेन्री ब्रेम यांनी ठरवलं, की औषध गाठीच्या जागीच ठेवायचं. पण औषध धरणारा पदार्थ मध्येच फुटता कामा नये, नाहीतर सगळं विष एकदम बाहेर येईल. साबणाची वडी जशी बाहेरून पातळ होत झिजते, तसा तो थराथरानं झिजायला हवा. असं पॉलिमर त्यांनी मुद्दाम घडवलं. त्यात कारमस्टीन हे औषध भरून लहान नाण्याएवढ्या चकत्या केल्या. गाठ काढून झाली की त्या पोकळीत या चकत्या लावायच्या. १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये २२२ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. गाठ पुन्हा आलेल्या ज्या रुग्णांना औषधाची चकती मिळाली, त्यांचं मध्यम आयुर्मान ३१ आठवडे. ज्यांना नुसती चकती मिळाली, त्यांचं २३ आठवडे. १९९६ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली.

आठ आठवडे. वाचणाऱ्याला हे थोडं वाटेल आणि ते थोडंच आहे. हा आजार आजही आम्हाला हरवतो. पण औषध शरीरभर फिरवण्याऐवजी जिथे हवं तिथेच, ठरलेल्या वेगानं सोडता येतं, हे या चकतीनं सिद्ध केलं. याच विचाराच्या वाटेवरची उदाहरणं आज साध्या रुग्णालयातही दिसतात. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ल्युप्रोलाइडचं महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदा द्यायचं इंजेक्शन असतं. त्यातले सूक्ष्म गोळे ज्या जातीच्या पॉलिमरचे, त्याच जातीच्या पॉलिमरचे आपोआप विरघळणारे टाके शल्यचिकित्सक रोज घालतात. काम झालं की त्याचं लॅक्टिक आम्ल आणि ग्लायकोलिक आम्ल होतं आणि शरीर ते निचरून टाकतं.

यकृत निकामी झालेल्या मुलांचे शल्यचिकित्सक जोसेफ व्हॅकान्टी यांच्याबरोबर लँगर यांनी १९९३ मध्ये ऊती-अभियांत्रिकीवर लिहिलेला लेख या क्षेत्राचा पाया मानला जातो. कल्पना अशी, की विरघळणाऱ्या पॉलिमरचा सांगाडा करायचा, त्यावर पेशी वाढवायच्या, सांगाडा जाईल आणि ऊती राहील. २०१० मध्ये मॉडर्ना कंपनीच्या संस्थापकांतही लँगर होते. कोविडच्या एमआरएनए लसी आल्या, तेव्हा सगळ्यांनी एमआरएनए हा शब्द पाठ केला. पण तो नाजूक रेणू मेदाच्या सूक्ष्म कणात गुंडाळला नसता, तर पेशीपर्यंत पोचलाच नसता. लसीइतकंच तिचं वेष्टन महत्त्वाचं असतं. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीनं एमआरएनए लस कोरड्या पुडीच्या रूपात बनवली, २०२२ मध्ये तिला मर्यादित आपत्कालीन मान्यता मिळाली आणि ती २ ते ८ अंश सेल्सियसला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या शीतकपाटात ठेवता येते. डॉक्टरला किरकोळ वाटणारा हा फरक दुर्गम गावासाठी लस असण्या-नसण्याचा असतो.

आणि आमच्या ऊसतोड बाईचं काय? इन्सुलिन हे प्रथिन. गिळलं तर पोटात पचून जातं, म्हणून टोचावं लागतं. लँगर आणि पोटविकारतज्ज्ञ व अभियंता असलेले जिओव्हानी ट्रॅव्हर्सो यांच्या गटानं २०१९ मध्ये एक वेगळीच कॅप्सूल मांडली. एका जातीच्या कासवाची पाठ अशी उंच असते, की ते उलटलं तरी आपोआप सरळ होतं. कॅप्सूलला तसाच आकार दिला. पोटात गेली की ती गडगडून बरोबर बुडावर बसते, साखरेची चकती विरघळते, तिनं अडवून धरलेली स्प्रिंग सुटते आणि वाळवलेल्या इन्सुलिनचं बारीक टोक जठराच्या आतल्या अस्तरात शिरतं. तिथे टोचल्याची वेदना जाणवत नाही. हे प्रयोग डुकरांवर झाले आहेत. माझ्या रुग्णांच्या हाती अशी कॅप्सूल अजून आलेली नाही आणि ती केव्हा येईल याचं आश्वासन मी देणार नाही. २०१६ मध्ये याच प्रयोगशाळेनं पोटात गेल्यावर चांदणीसारखी उघडणारी आणि दोन आठवड्यांपर्यंत औषध सोडत राहणारी कॅप्सूलही दाखवली होती. या सगळ्यांत गृहीत एकच आहे. माणूस औषध विसरणार, त्याला वेळ मिळणार नाही, त्याच्याकडे फ्रिज नसणार. हे अपवाद समजू नका, यालाच नियम समजा आणि औषध त्याप्रमाणे घडवा.

मी भाबडा आशावादी नाही. या वाटेवर काटे आहेत. दीर्घकाळ टिकणारं औषध एकदा टोचलं की परत काढता येत नाही. त्याची ॲलर्जी निघाली, तर गोळी बंद करता येते तसं ते बंद करता येत नाही. शिवाय लँगर यांचा मार्ग पेटंट आणि कंपन्यांमधून जातो. त्यांच्या नावावर हजाराहून अधिक पेटंट आहेत, दहावीस नव्हे तर त्याहून कितीतरी जास्त कंपन्या त्यांच्या कामातून उभ्या राहिल्या. त्याशिवाय प्रयोगशाळेतली वस्तू रुग्णापर्यंत आली नसती, हे खरं. पण त्यातून आलेली औषधं महाग असतात, हेही तितकंच खरं आणि महाग औषध सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर उशिरा येतं. आणखी एक धोका मला वाटतो. वेळेवर जेवण मिळण्याचा, पाणी-निवाऱ्याचा हक्क हा पॉलिमरनं सोडवायचा प्रश्न नाही. ऊसतोड कामगाराला जेवायची सुट्टी मिळायलाच हवी, मग इन्सुलिन कोणतंही असो.

तरीही लँगर यांच्या वाटचालीतली एक गोष्ट आपल्याला आज, फारसा पैसा न घालता घेता येईल. त्यांच्या प्रत्येक मोठ्या कामात शेजारी एक डॉक्टर आहे. फोकमन, ब्रेम, व्हॅकान्टी, ट्रॅव्हर्सो. रासायनिक अभियंता रुग्णालयात येऊन बसला, म्हणून त्याला प्रश्न दिसले. महाविद्यालयाच्या वर्गात बसून ते दिसले नसते.

आपल्याकडे हे झालेलं नाही असं नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हृदयशल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन यांनी रुग्णालय आणि जैववैद्यकीय तंत्रज्ञान विभाग एकाच संस्थेत आणले. परदेशी झडप परवडत नाही म्हणून त्यांच्या गटानं स्वतःची घडवायला घेतली. पहिले तीन आराखडे फसले. चौथा टिकला, विशिष्ट जातीच्या पॉलिएथिलीनच्या चकतीचा. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. आज वातज्वराच्या एखाद्या जुन्या रुग्णाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि ती ‘टक्‌ टक्‌’ ऐकू आली, की मला त्या फसलेल्या तीन आराखड्यांची आठवण होते. महाराष्ट्रातही मुंबई आयआयटीत राज्य सरकारच्या मदतीनं २०१४ मध्ये ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र सुरू झालं. पण अशी उदाहरणं बोटांवर मोजण्याइतकीच. रासायनिक तंत्रज्ञानात देशभर नाव असलेली, १९३३ मध्ये सुरू झालेली संस्था माटुंग्याला आहे आणि गरिबांची मोठी सार्वजनिक रुग्णालयं परळला. मध्य रेल्वेनं या दोघांमध्ये एकच स्थानक लागतं, दादर. तरीही तिथल्या पॉलिमरच्या विद्यार्थ्यानं इथल्या वॉर्डात महिनाभर बसणं हा त्याच्या शिक्षणाचा नेहमीचा भाग नाही आणि आमच्या एमडीच्या विद्यार्थ्यानं त्याच्या प्रयोगशाळेत आठवडाभर घालवणं तर कुणाच्या डोक्यातही येत नाही.

माझी मागणी छोटी आहे. नवी इमारत नको, नवं महामंडळ नको. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयानं जवळच्या अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान संस्थेशी करार करावा. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी काही आठवडे आमच्या बाह्यरुग्ण विभागात नुसतं बसावं आणि रुग्ण औषध का सोडतात ते ऐकावं. आमच्या निवासी डॉक्टरांनीही केसपेपरवर ‘हयगय’ लिहिण्याआधी एक ओळ जास्त लिहावी, का सोडलं. एका वर्षाचे असे कागद एकत्र केले, तर संशोधनाचे किती तरी विषय त्यातून निघतील आणि ते सगळे आपल्या मातीतले असतील.

त्या बाईच्या बाबतीत मी काय केलं, ते सांगायला हवं. जेवणाच्या वेळेशी बांधलेलं इन्सुलिन बंद करून तिला दिवसातून एकदा, रात्री झोपताना घ्यायचं ग्लार्जिन सुरू केलं. तेव्हा ते आमच्या औषधसाठ्यात नव्हतं, एका दात्याकडून मिळवलं. ग्लार्जिनही तसं पदार्थाच्या करामतीचंच फळ. बाटलीतल्या आम्लात ते विरघळलेलं असतं, कातडीखाली गेलं की त्याचे बारीक कण होतात आणि दिवसभर थोडे थोडे विरघळतात. पुढच्या हंगामानंतर ती आली, तेव्हा साखर दोनशेच्या आसपास होती. पुरेशी चांगली नाही, पण जखम भरली होती आणि बाटली रिकामी होती. तिच्या जुन्या केसपेपरवरचा माझा शेरा मी खोडला आणि त्याच्याखाली तिचंच वाक्य लिहिलं.